हुकलेला फटका

आमच्या जावयानं गोल्फच्या काठ्या आणल्या तेव्हा ह्यांना वाटलं, छत्र्या आहेत. लांबट पिशवी, वर चेन, आत काहीतरी कडक. "दोघांना एवढ्या छत्र्या कशाला, तेही मार्चात?" असं म्हणून ह्यांनी पिशवी कोपऱ्यात उभी केली आणि चहाचं आधण ठेवलं. आमच्या घरात स्वयंपाक हे करतात. एस.टी.च्या नोकरीत बाहेरगावी एकट्यानं राहून हात भाजून घेतले, मग त्याचीच हौस लागली. मी शाळेतून पोरांना पाढे शिकवून घरी यायची तेव्हा आमटीला उकळी आलेली असायची. आता दोघंही रिटायर झालो, तरी शिरस्ता तोच. शेजारणी यावरून मला चिडवतात. चिडवू देत. आयतं ताट पुढ्यात येत असताना मी कशाला चिडू?

जावई पुण्यात एका कंपनीत आहे. तिथल्या साहेबलोकांच्या नादानं तो हा खेळ शिकला, आणि कुणा साहेबानं नव्या काठ्या घेतल्यावर जुन्या ह्याच्या गळ्यात मारल्या. लेक आणि तो शनिवार-रविवारला जोडून रजा काढून पालमला आले होते. घराला लागूनच आमचं थोडं रान आहे. हरभरा नुकताच निघाला होता, रान मोकळं पडलं होतं. या खेळाला म्हणे हिरवळ लागते, तळं लागतं, झाडी लागते. आमच्याकडं ढेकळं होती, भेगा होत्या आणि बांधावर एक लिंबाचं झाड होतं. जावई म्हणाला, "आई, चालतंय की." आमच्या जावयाला सगळंच चालतं. माझ्या लेकीशी लग्न करायचं ठरलं तेव्हाही तो घरी जाऊन असंच म्हणाला असेल, आणि तिथंच गाडं अडलं.

आम्ही बौद्ध. जावयाचं घर वालूरचं, मोठ्या शेतीचं, हिंदू. पोरं शिकायला संभाजीनगरला होती, तिथंच त्यांचं जमलं, लग्नही तिथल्याच विहारात लागलं. जावयाची आई आधीच वारली होती. भाऊ-भावजय आले, दोन मामा आले. वडील आले नाहीत. त्यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर शेवटी कुणाच्या तरी लेकराला निजवलं. पुढं सगळं हळूहळू सुरळीत झालं म्हणायचं. लेक दिवाळीला वालूरला जाते, तिला तिथं कुणी वावगं बोलत नाही, जाऊ तर जीव लावते. पण व्याही आमच्या उंबऱ्याला कधी आले नाहीत. माझी लेक याबद्दल तक्रार करत नाही. एकदाच म्हणाली होती, "आई, आबांनी तुझ्या घरी एकदा जेवावं, बस." मी तेव्हा विषय बदलला, कारण माझ्या हातात ते नव्हतं.

आणि त्या रविवारी व्याही येणार होते. आदल्या दिवशी गंगाखेडला त्यांच्या एका सोयऱ्याचं लग्न होतं. जावयानं फोनवर गळ घातली, की आबा, तिथवर आलात तर पुढं पालम किती लांब आहे. ते हो म्हणाले. लेकीनं ही बातमी सांगितली तेव्हा ह्यांनी ताबडतोब येसर काढला. भाजलेल्या डाळी-धान्याचा तो मसाला ह्यांच्या हातचा असा असतो, की आमटीचा वास गल्लीच्या तोंडाला येतो. मी म्हटलं, "फार हुरळू नका." पण माणूस ऐकतोय कुठं?

जेवणाचा नकार कसा येतो ते मला पाठ आहे. जिंदगी खेड्यापाड्यांतल्या शाळांवर गेली. कुणाला पित्त होतं, कुणाचा शनिवार असतो, कुणी आत्ताच खाऊन आलेलं असतं. तोंडावर नाही कुणी म्हणत नाही, बोलायला माणसं गोड असतात. तरुणपणी मला संताप यायचा. पुढं पुढं मी ती कारणं ऐकून मनातल्या मनात हसायला शिकले, कुणी नवं कारण काढलं तर कौतुकही वाटायचं. त्या दिवशी मात्र हसू सुचत नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि ती लेकीपायी होती.

व्याही आले ते सकाळच्या गाडीनं. उंच माणूस, पांढरं धोतर, डोक्याला टोपी, हातात पिशवी. खुर्चीवर टेकले, पाणी प्याले, दस्तीनं तोंड पुसलं आणि कुणी विचारायच्या आत म्हणाले, "माझ्यासाठी कायबी करू नका बरं का. काल लग्नात जेवलो ते अजून पोटातच हाय. लय जड अन्न." मग चहा आला तर, "गरमीत चहा सोसत न्हाई मला." ह्यांचा चेहरा मी पाहिला नाही. लेकीचा पाहिला. ती कपबशी परत आत घेऊन गेली.

पंख्याकडं बघून झालं, लाइट कधी जाते ते बोलून झालं, पाऊसपाण्याचं बोलायला पावसाळा लांब होता. तेव्हा जावयानं ती पिशवी उचलली. "आबा, चला रानात. तुमाला एक खेळ दाखवतो."

खेळाची मांडणी आम्ही आदल्या संध्याकाळीच केली होती. खुरप्यानं तीन खड्डे घेतले, लांब लांब. प्रत्येक खड्ड्यात एक तुराटी रोवायची आणि तिला फडकं बांधायचं, लांबून दिसावं म्हणून. या फडक्यावरून घरात चांगलाच खल झाला होता. लेकीनं निळी ओढणी काढली तर हे म्हणाले, उद्या व्याही यायचेत, उगीच अंगावर गेल्यासारखं दिसेल. भगवं लावावं तर आपली माणसं रस्त्यानं जाता-येता थांबून विचारतील. हिरवं लावलं तर सगळाच गाव थांबून विचारील. शेवटी माझ्या जुन्या फुलाफुलांच्या परकराचे तीन तुकडे केले. त्याबद्दल अजून तरी कुणाच्या भावना दुखावलेल्या नाहीत.

व्याह्यांनी काठी हातात घेऊन उलटसुलट केली. "ह्यानं काय गुरं वळायची?"

जावयानं समजावलं. जमिनीत ही छोटी लाकडी खुंटी रोवायची, तिला टी म्हणतात. तिच्यावर चेंडू ठेवायचा. काठीनं मारत मारत तो त्या खड्ड्यात घालायचा. कुणाला किती फटके लागले ते मोजायचं. मोजणी माझ्याकडं होती. मी पदराच्या गाठीत मूठभर हरभरे बांधून घेतले होते. जो फटका मारील त्याच्या हातावर एक दाणा ठेवायचा, म्हणजे भांडण नको.

पहिला मान अर्थातच व्याह्यांचा. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, कुऱ्हाड धरावी तशी काठी धरली आणि असा काही दणका घातला, की मी दोन पावलं मागं सरले. वारा झाला, धूळ उडाली. चेंडू खुंटीवर जिथल्या तिथं बसलेला.

"हा नाही धरायचा, आबा," लेक घाईनं म्हणाली. "ही प्रॅक्टिस होती," जावयानं री ओढली.

मी गाठ सोडलीच होती. आदल्या संध्याकाळी जावयाकडून सगळे नियम घोकून घेतले होते, आणि शाळेच्या बाईला एकदा नियम समजला की तो पाळला जातो. "धरायचा," मी म्हटलं. "मारायला गेले आणि लागला नाही, तरी तो फटकाच. कालच सांगितलं ना तुम्ही?" लेकीनं माझ्याकडं असे डोळे केले, की जणू मी व्याह्यांची टोपीच उडवली होती. पाहुणे, त्यात मुलाचे वडील, त्यात पहिल्यांदा दारात आलेले. त्यांचा हुकलेला फटका मोजते म्हणजे काय?

पण व्याह्यांचा सूर वेगळाच निघाला. ते लेकावर डाफरले. "माझाच कामून धरायचा न्हाई? बाई बरोबर बोलायल्यात. आणा तो दाणा इकडं." आणि हात पुढं केला. मी दाणा ठेवला. त्यांनी बंडीच्या खिशात टाकला आणि समाधानानं दुसऱ्या फटक्याला उभे राहिले. चेंडू खुंटीवरच होता, तेव्हा तिथूनच पुन्हा मारायचा. या वेळी तो लागला आणि लिंबाच्या दिशेनं उसळत गेला.

पहिल्या खड्ड्याला पोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं. माझा एक चेंडू भेगेत गेला. मी हात घालायला वाकले तसे व्याही ओरडले, "हात घालू नका, इच्चू असंल!" आणि काठीच्या टोकानं चेंडू उकरून दिला. भेगेचा नियम जावयाला मोबाइलमध्ये काही सापडेना. साहेबांच्या हिरवळीला भेगा पडत नसाव्यात. मग आम्हीच ठरवलं, चेंडू काढून शेजारी ठेवायचा आणि एक दाणा वाढवायचा.

खड्ड्यापाशी सगळ्यांनी दाणे मोजले. जावयाचे पाच, लेकीचे आठ, माझे नऊ. व्याह्यांनी खिसा उलटा केला. सात. माझ्या हिशेबानं नऊ दिलेले होते. मी शाळेतल्या नजरेनं त्यांच्याकडं बघितलं.

"दोन खाल्ले," ते म्हणाले. "हातात हरभरा असल्यावर ध्यान ऱ्हाईलं न्हाई."

लेकीचा चेहरा एकदम उजळला. मी तिला तसं उजळू दिलं नाही, मान थोडी हलवली. रानातल्या कच्च्या दाण्याला कुणाचीच ना नसते, कधीच नव्हती. आमच्या आईच्या काळातही आमच्या रानातला हरभरा लोक वाटेनं खात जायचे. अडतं ते शिजलेल्यापाशी, चुलीपाशी. लेकीला तरुणपणामुळं हे ठाऊक नाही, आणि ठाऊक नसेल तर बरंच आहे.

"म्हंजे तुमचे नि माझे नऊ-नऊ," व्याही मला म्हणाले. "पहिला नंबर आपल्या दोघांचा. ह्या पोराचे तर पाचच."

जावयानं घसा साफ केला. "आबा, ह्यात कमी दाणेवाला जिंकतो."

व्याह्यांनी हातावरचे दाणे पुन्हा बघितले. "म्हंजे जो जास्ती राबला तो हरला?"

"हां."

"मग ह्यो तर शेतकऱ्याचाच खेळ झाला की!"

ह्या वाक्याला मी मोठ्यानं हसले. व्याही पण हसले, टोपी काढून, डोकं पुसत. त्या हसण्यानं सकाळपासूनचा सगळा अवघडलेपणा जरा सैल झाला. खरं सांगते, त्या घटकेला तो माणूस मला आवडला. चार वर्षं मी त्याच्यावर मनात दात खाल्ले होते, आणि तो असा आवडणं मला गैरसोयीचं वाटलं.

दुसऱ्या खुंटीवर मोठी मजा झाली. व्याही काठी टेकवून अंदाज घेत होते, तर काठीचा धक्का लागून चेंडू खुंटीवरून खाली पडला. त्यांनी निमूट हात पुढं केला. मी म्हटलं, "ह्याचा दाणा नाही."

"चेंडू हलला की. मगाशी जागचा हलला न्हाई तरी तुमी दाणा दिला. आता पडला तर न्हाई म्हणता?"

"मगाशी तुम्हाला मारायचा होता. आत्ता मारायचा नव्हता, चुकून लागला. ह्या खेळात मनात काय होतं ते बघतात."

"आन् मनात काय होतं ते कोन बगनार? पंच कुठंय?"

"पंच नसतो, आबा," जावई म्हणाला. "ज्याचं त्यानं सांगायचं."

मला हा नियम आदल्या दिवशीच फार आवडला होता. आमच्याकडं पावसाळ्यात, वर्षावासाला, विहारात भंतेजी हेच वेगवेगळ्या तऱ्हेनं समजावतात, की पाय पडून मुंगी मेली आणि पाय देऊन मुंगी मारली यात फरक मनाचा आहे. साहेबलोकांच्या खेळात तीच गोष्ट निघावी याचं मला नवल वाटलं. अर्थात मी तिथं प्रवचन दिलं नाही. चेंडू उचलून खुंटीवर ठेवला आणि म्हटलं, "मारा."

त्यांनी मारला आणि पुन्हा वारा झाला. चेंडू तसाच.

आता त्यांना माहीत होतं की दाणा घेणं तोट्याचं आहे. "नुसती काठी हलवून बघितली" एवढं म्हणायचीच खोटी, आम्ही कुणी हरकत घेणार नव्हतो. जावई बांधाकडं बघायला लागला, लेक चपलेनं ढेकूळ फोडायला लागली. मी पण पदराशी चाळा करत राहिले.

"मारायचाच होता," व्याही म्हणाले. "द्या दाणा."

तिसऱ्या खुंटीवर जावयानं पहिला फटका असा लांब घातला, की चेंडू पार पलीकडच्या बांधापाशी भेगांत नाहीसा झाला. तो आणि लेक शोधायला गेले. दोघंही वाकून वाकून हिंडत होती, लांबून शेंगा वेचल्यासारखी दिसत होती. घराकडून येसराच्या आमटीचा वास यायला लागला होता. परसातून ह्यांनी हाक दिली, "भाकरी टाकायला घेतो हो!" मी हात हलवला. जेवणाचं पुन्हा विचारायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. एकदा नाही म्हटलेल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारलं, की तो दुसरं कारण शोधतो, आणि आपण त्याला खोटं बोलायला लावल्यासारखं होतं.

व्याह्यांनी चेंडू खुंटीवर ठेवला, काठी उचलली आणि मारलाच नाही. काठी टेकवून उभे राहिले.

"बाई, एक इचारू? पोरांच्या लग्नाला मी आलो न्हाई, असं तुमी धरून बसला असाल."

"तुम्ही आला नव्हता," मी म्हटलं. गोड बोलायला मला जमलं नाही.

"निघालो होतो." ते लेकाच्या दिशेनं बघत बोलत होते. "थोरल्याबरोबर जीपमधी बसलो न्हाई, माझा मी एस.टी.नं निघालो. देवगाव फाट्यापस्तोर आलो. तिथं गाडी बदलायची होती. जालन्याची गाडी आली, समोर उभी ऱ्हायली, दार उघडं. माझं पाऊलच उचललं न्हाई. ती गेली. मग दुसरी आली, तीबी गेली. मग परतीच्या गाडीत बसलो." काठीवरची माती पुसत ते म्हणाले, "घरी कुणाला सांगितलं न्हाई. ह्या पोरालाबी म्हाईत न्हाई."

मला राग येत होता, वाईटही वाटत होतं. चार वर्षं मी या माणसाला वालूरच्या ओसरीवर आरामात बसलेला बघत होते, आणि तो फाट्यावर उन्हात उभा होता.

मग माझ्यातली शाळेची बाई जागी झाली. मी विचारलं, "खरंच यायचं होतं, की नुसते घराबाहेर पडला होता? ज्याचं त्यानं सांगायचं."

ते माझ्याकडं वळले. बहुधा सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "नवा फेटा बांधला होता, बाई. सुनेसाठी पिशवीत लुगडं होतं."

"मग फटका धरला," मी म्हटलं. "तुमच्या नावावर."

"धरा," ते म्हणाले. "मी कुठं म्हनतो सोडा?"

मी गाठ सोडून दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो खिशात टाकला आणि काठी उचलली. हा फटका लागला. चेंडू कुठं गेला ते आम्ही दोघांनीही बघितलं नाही.

पोरं परत आली तसा खेळ तिथंच सोडला. सगळे घराकडं निघालो. परसातल्या नळावर व्याह्यांनी हातपाय धुतले, दस्तीनं पुसले. मी म्हटलं नव्हतं, कुणीच म्हटलं नव्हतं. ह्यांनी सवयीनं सगळ्यांची पानं मांडली होती आणि आता एक उचलावं की ठेवावं या विचारात चिमटा हातात घेऊन उभे होते. व्याही आत आले, मांडलेल्या पाटांकडं बघितलं आणि त्यातल्या पहिल्यावर मांडी घालून बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "वाढा," ह्यांना म्हणाले. "वासानं रानात उभं ऱ्हावंना."

ह्यांनी आमटी वाढली, लेक तव्यापाशी गेली. व्याह्यांनी भाकरी कुस्करली, आमटीत कालवली, वर तोंडी लावायला कांदा फोडून घेतला. पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग खातच राहिले. जावई समोर बसून स्वतःच्या ताटाला हातही लावत नव्हता. मी त्याला डोळ्यांनी दटावलं, तेव्हा तो जेवायला लागला.

भाकरी संपली तसं व्याह्यांनी मान वर केली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघून लेकीला हाक मारली, "पोरी, अजून एक आन. गरम असली तर बरं."

लेक तव्यापाशी होती. ती भाकरी घेऊन बाहेर येईना. मी उठून आत गेले. गरम भाकरी हातात धरून ती भिंतीकडं तोंड करून उभी होती, आणि तिचे खांदे हलत होते. दोघींनी एकदम रडून कसं चालेल?

"अगं, रड की नंतर सावकाश," मी म्हटलं. "आधी भाकरी दे. ती निवायलीय, आणि तिकडं माणूस ताटावर बसलाय."